वाचकांचे प्रश्न: सॅटेलाइट इमेजमधली हवा काढायची की नाही?

या वेळी आलेल्या प्रश्नांमध्ये भू-वापराच्या नकाशांवरचे प्रश्न जास्त आहेत आणि जवळपास सगळे पुण्याच्या आसपास काम करणाऱ्यांचे आहेत, कोणी थीसिससाठी करतंय, कोणी टेकडी वाचावी म्हणून, कोणी नोकरीचा भाग म्हणून. गाडी सगळ्यांची एकाच ठिकाणी अडलीये, जमीन आणि सॅटेलाइट यांच्या मधे जी हवा आहे तिचं काय करायचं. म्हणून एकत्रच घेतो.

प्रश्न: नमस्कार सर. मी भूगोलात एमए करतेय, हवेली तालुक्यातला २००१ ते २०२३ मधला लँड यूज बदल असा विषय घेतलाय, दोन्ही इमेज लँडसॅट सॅटेलाइटच्या. गाइड सर म्हणतात अॅटमॉस्फेरिक करेक्शन (इमेजमधून हवेचा परिणाम काढणं) केल्याशिवाय चॅप्टर दाखवायलाच आणू नको. माझी सीनियर म्हणते क्लासिफिकेशनला, म्हणजे पिक्सेल शेती, वस्ती अशा वर्गांत वाटायला, त्याची काही गरज नसते, उगाच महिना जाईल. कोणाचं ऐकू? – एक विद्यार्थिनी, कोथरूड

उत्तर: दोघंही बरोबर सांगतायत, फक्त दोघांच्या डोक्यात काम वेगळं आहे. तुम्ही नक्की काय करणार आहात यावर उत्तर ठरतं, आणि ते आधी ठरवा, सॉफ्टवेअर नंतर उघडा.

मुळात होतं काय ते बघू. सूर्याचा प्रकाश खाली येताना एकदा आणि जमिनीवरून परत वर जाताना एकदा असा दोनदा हवेतून जातो. वाटेत हवेचे रेणू, धूळ, धूर हे सगळे प्रकाश इकडेतिकडे फेकतात, पाण्याची वाफ आणि ओझोन थोडा गिळून टाकतात. त्यामुळे ७०५ किलोमीटर उंचीवरच्या लँडसॅटला जो प्रकाश मिळतो त्यातला काही भाग जमिनीला शिवलेलाच नसतो, मधल्या हवेतूनच परत फिरलेला असतो. हा जादा उजेड निळ्या बँडमध्ये (बँड म्हणजे इमेजमधला एकेका रंगाचा थर) सगळ्यात जास्त, कारण रेणूंमुळे होणारं विखुरणं तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतं, म्हणजे नियर इन्फ्रारेडच्या (लालच्या पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा प्रकाश) मानाने निळ्यात साधारण दहापट. जानेवारीत सकाळी सिंहगडावरून शहराकडे बघितलं की जो राखाडी थर दिसतो ना, लँडसॅट आपल्या घड्याळाने अकराच्या सुमारास त्याच थरातून खाली बघत असतो.

आता सीनियरचं म्हणणं. एका तारखेची एक इमेज आहे, त्याच इमेजवर तुम्ही शेती, वस्ती, पाणी, झाडी, पडीक असे ट्रेनिंग सॅम्पल, म्हणजे ओळखीच्या जागांचे नमुने, काढले आणि मॅक्सिमम लाइकलिहूड ही वर्ग ठरवायची पद्धत चालवली. हवेमुळे लाल बँडचे आकडे सगळीकडे साधारण सारखेच सरकले असतील तर सॅम्पलचे पण तेवढेच सरकले, वर्गावर्गातलं अंतर जसं होतं तसंच राहिलं, मग नकाशा तोच येणार. सॉन्ग, वुडकॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्येच हे नीट मांडून दाखवलंय, की एकाच तारखेच्या क्लासिफिकेशनला करेक्शन लागत नाही, आणि दोन तारखांचे नकाशे स्वतंत्रपणे बनवून मग एकमेकांशी ताडून बघायचे असतील तरीही लागत नाही. अट एवढीच की हेझ, म्हणजे हवेतला धूसरपणा, इमेजभर सारखी पाहिजे. पिंपरी-चिंचवडवर धुरकट आणि पानशेतकडे स्वच्छ अशी इमेज असेल तर हे गणित बिघडतं, पण तशी इमेज मुळात घेऊच नका, दुसरी तारीख शोधा.

गाइड सर कुठे बरोबर आहेत ते सांगतो. २००१ चे ट्रेनिंग सॅम्पल तुम्ही आणणार कुठून? तेव्हाची मांजरी, तेव्हाची वाघोली जाऊन बघता येत नाही. मग बहुतेक जण काय करतात, २०२३ मध्ये फिरून काढलेल्या सॅम्पलच्या सिग्नेचर, म्हणजे प्रत्येक वर्गाचे बँडनिहाय आकडे, उचलतात आणि २००१ च्या इमेजला लावतात. तसं करणार असाल तर करेक्शन पाहिजेच, कारण आता एका दिवसाच्या हवेतून मोजलेला ऊस तुम्ही दुसऱ्या दिवसाच्या हवेतल्या उसाशी जुळवताय. एनडीव्हीआय, म्हणजे नियर इन्फ्रारेड आणि लाल यांची वजाबाकी भागिले बेरीज असा हिरवाईचा आकडा, काढून दोन वर्षांची वजाबाकी करणार असाल तरी पाहिजेच. एक उदाहरण देतो, आकडे समजण्यापुरते आहेत. थेऊरकडच्या भरलेल्या उसाचा खरा रिफ्लेक्टन्स (पडलेल्या प्रकाशातला परत फिरणारा वाटा) लाल बँडमध्ये ०.०४ आणि नियर इन्फ्रारेडमध्ये ०.३६ धरा, एनडीव्हीआय आला ०.८०. मधे धूसर हवा आली, लाल वाढून ०.०७ झाला, नियर इन्फ्रारेड उतरून ०.३३, की एनडीव्हीआय ०.६५. ऊस तोच, शेतकरी तोच. आणि शेजारच्या नांगरलेल्या रानाचा एनडीव्हीआय त्याच हवेत ०.१४ वरून ०.११ असा किंचित हलेल. म्हणजे हवेचा फटका सगळ्यांना सारखा बसत नाही, हिरव्याला जास्त बसतो, आणि आपण नेमकं तेच मोजायला निघालेलो असतो.

महिना जाईल हे मात्र आता खरं नाही. लँडसॅटचा डेटा २००८ पासून फुकट आहे आणि यूएसजीएस ही अमेरिकी सरकारी संस्था करेक्शन केलेला सरफेस रिफ्लेक्टन्स तयार देते, कलेक्शन २ लेव्हल २ या नावाने. पुणे लँडसॅटच्या पाथ १४७ रो ४७ या चौकटीत येतं. लँडसॅट ७ ला लेडॅप्स आणि लँडसॅट ८, ९ ला लासआरसी अशा दोन वेगळ्या पद्धती त्यांनी वापरल्यात, हे थीसिसमध्ये एका ओळीत लिहा. एका गोष्टीकडे फार लक्ष द्या, फाइलमधला आकडा हा सरळ रिफ्लेक्टन्स नसतो, त्याला ०.००००२७५ ने गुणायचं आणि त्यातून ०.२ वजा करायचे. हे वजा करायचं राहिलं तर वरचाच ऊस घ्या, फाइलमध्ये लाल ८७२७ आणि नियर इन्फ्रारेड २०३६४ असे आकडे असतील, त्यावरून थेट एनडीव्हीआय काढला तर ०.४० येतो, ०.८० च्या जागी. हवेने जेवढं नुकसान केलं असतं त्याच्या दुपटीहून जास्त इथे होतं. आणि लेव्हल २ घेतलं की त्यावर परत क्यूजीआयएस सॉफ्टवेअरमधून डार्क ऑब्जेक्ट ही हवा वजा करायची पद्धत वगैरे करू नका, एकदा काढलेली हवा परत काढली की पाण्याचे आणि सावलीचे आकडे निगेटिव्ह होतात.

एवढं करूनही दोन इमेज तंतोतंत जुळणार नाहीत हेही मनाशी धरा. लँडसॅट ७ चा नियर इन्फ्रारेड बँड साधारण ०.७७ ते ०.९० मायक्रॉन असा रुंद आहे आणि त्यात पाण्याच्या वाफेचा एक शोषणपट्टा येतो, लँडसॅट ८ ला तो बँड मुद्दाम ०.८५ ते ०.८८ एवढा अरुंद ठेवलाय. करेक्शनने हवा जाते, सेन्सरमधला फरक जात नाही.

आणि खरं सांगू, हवेलीसाठी हवेपेक्षा महिना महत्त्वाचा आहे. मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडच्या टेकड्यांवरचं गवत वाळतं, जिरायत रानं मोकळी पडतात, उघडा काळा खडक दिसायला लागतो, आणि हे सगळं तीस मीटरच्या पिक्सेलमध्ये वस्तीसारखं दिसतं. एक इमेज नोव्हेंबरची आणि दुसरी एप्रिलची घेतलीत तर जगातलं कुठलंही करेक्शन तुम्हाला वाचवणार नाही. ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत बघा, पावसाने हवा धुतलेली असते, डोंगर अजून हिरवे असतात त्यामुळे वस्ती उठून दिसते, आणि थंडीत सकाळी खाली साचून राहणारा धूर अजून सुरू झालेला नसतो. दोन्ही वर्षी तोच काळ घ्या. २००१ घेताय हेही बरंच झालं, ३१ मे २००३ नंतर लँडसॅट ७ च्या इमेजमध्ये काळ्या पट्ट्या येतात.

गाइड सरांकडे जाताना एक छोटा तक्ता घेऊन जा. ज्या जागा बावीस वर्षांत बदललेल्या नाहीत अशा चार-पाच घ्या, खोल पाणी, जुना उघडा खडक, मोठी जुनी काँक्रीटची जागा, आणि दोन्ही तारखांचे रिफ्लेक्टन्स शेजारी शेजारी लिहा. धावपट्टी घ्यायचा मोह होतो, पण मधे नवीन डांबर पडलं असेल तर ती बदललेलीच आहे. हे आकडे जवळजवळ आले तर करेक्शन झालंय, आणि ते झालंय हे तुमच्याकडे दाखवायला आहे. मला विचाराल तर चॅप्टरमध्ये करेक्शनच्या थिअरीची पाच पानं असण्यापेक्षा हा अर्ध्या पानाचा तक्ता असणं कितीतरी मोलाचं आहे.

प्रश्न: आम्ही काही रहिवासी बाणेर-पाषाण टेकडीवर झाडं लावतो आणि जगवतो. सेंटिनेल-२ या युरोपियन सॅटेलाइटवरून एनडीव्हीआय काढला, नोव्हेंबर २०२१ ला टेकडीचा ०.६२ आणि नोव्हेंबर २०२३ ला ०.३८ आला. इतकी हिरवाई गेली म्हणून वॉर्ड ऑफिसला निवेदन द्यायचं आहे. त्याआधी एकदा विचारावं म्हटलं. – एक वाचक, बाणेर

उत्तर: विचारलंत ते फार चांगलं केलंत. निवेदन आठवडाभर थांबवा.

२५ जानेवारी २०२२ पासून युरोपियन स्पेस एजन्सीने सेंटिनेल-२ च्या फाइलमधल्या आकड्यांत १००० मिळवायला सुरुवात केली, अगदी काळ्या पिक्सेलचे निगेटिव्ह आकडे कापले जाऊ नयेत म्हणून. आधी आकड्याला १०००० ने भागलं की रिफ्लेक्टन्स मिळायचा, आता आधी १००० वजा करायचे आणि मग भागायचं. तुमच्याच टेकडीचं गणित करू. लाल ०.०६ आणि नियर इन्फ्रारेड ०.२६ असेल तर एनडीव्हीआय ०.६२ येतो. जुन्या फाइलमध्ये हे ६०० आणि २६०० असे असणार, उत्तर ०.६२. नव्या फाइलमध्ये १६०० आणि ३६००, आणि वजा न करता काढलं तर उत्तर ०.३८. तुमचे दोन्ही आकडे हुबेहूब. टेकडीवरचं एक झाड न हलता.

खात्री करायची सोपी रीत सांगतो. फाइलच्या नावात एन अक्षरानंतर चार आकडे असतात, तिथे ०४०० किंवा पुढचं काही असेल तर १००० वजा करायचे. नुसत्या तारखेवर जाऊ नका, जुन्या तारखांच्या इमेजही नंतर नव्या पद्धतीने परत बनवून ठेवल्यात, त्यामुळे २०२१ ची फाइलसुद्धा नव्या प्रकारची निघू शकते. गूगल अर्थ इंजिनवर काम करत असाल तर हार्मोनाइज्ड नावाचं कलेक्शन घ्या, तिथे हे आधीच सारखं केलेलं असतं. आणि एक इमेज लेव्हल १सी आणि दुसरी लेव्हल २ए अशी गल्लत तर नाही ना तेही बघा, पहिलीत हवा तशीच असते आणि दुसरीत काढलेली असते. आपल्याकडच्या २ए इमेज नियमितपणे मिळायला लागल्या त्या डिसेंबर २०१८ पासून, त्याआधीच्या बऱ्याच जणांकडे १सीच पडलेल्या असतात.

आकडे दुरुस्त केल्यावरही थोडी घट दिसली तर लगेच बिल्डरवर जाऊ नका. त्या वर्षी पाऊस किती झाला आणि कधी थांबला यावर टेकडीवरचं गवत ठरतं आणि नोव्हेंबरमध्ये एनडीव्हीआय मुख्यतः गवताचाच असतो. म्हणून बाणेर टेकडी एकटी बघू नका. वेताळ टेकडी, तळजाई, विद्यापीठाचं जुनं झाडीचं आवार, या तीन जागांचा एनडीव्हीआय त्याच दोन तारखांना काढा. सगळीकडे सारखीच घट असेल तर ती हवा, पाऊस किंवा फाइलची आहे. बाकी सगळं जागच्या जागी आणि तुमच्याच टेकडीचा एखादा कोपरा खाली गेलाय असं दिसलं, तर त्या कोपऱ्यात प्रत्यक्ष जा, फोटो काढा आणि मग निवेदन द्या. ते निवेदन कोणाला सहज बाजूला सारता येणार नाही. टेकड्यांसाठी झगडणाऱ्यांचा एक आकडा चुकला की पुढचे दहा खरे आकडेही कोणी ऐकत नाही, म्हणून इतकं बारीक सांगतोय.

प्रश्न: मी जीआयएसचं काम करतो. इस्रोच्या भूनिधी पोर्टलवरून रिसोर्ससॅट सॅटेलाइटच्या लिस-३ कॅमेऱ्याची इमेज घेतली, तयार सरफेस रिफ्लेक्टन्स माझ्याकडे नाही म्हणून डार्क ऑब्जेक्ट सबट्रॅक्शन केलं. काळी वस्तू म्हणून पाषाण तलाव घेतला. हिरवा-लाल बँड ठीक वाटतात, पण नियर इन्फ्रारेडमध्ये अर्धी इमेज शून्याच्या खाली गेली. – एक वाचक, हडपसर

उत्तर: तलावात जलपर्णी असणार. वरून नकाशात ते पाणी आहे, पण त्या पिक्सेलमध्ये पाणी दिसतच नाही, दाट हिरवी पानं दिसतात आणि पानं नियर इन्फ्रारेडमध्ये सगळ्यात उजळ असतात. तुम्ही तो उजळ आकडा हवेचा समजून अख्ख्या इमेजमधून वजा केलात. मुळा-मुठेच्या शहरातल्या पात्रातही हीच अडचण.

ही पद्धत पॅट चावेझ यांनी १९८८ मध्ये सुधारून मांडली आणि तिच्यामागचा विचार अगदी सरळ आहे. इमेजमध्ये कुठेतरी जवळपास काळं काहीतरी असतंच, त्याचा रिफ्लेक्टन्स फार तर १ टक्का धरायचा, आणि त्याहून जो उजेड तिथे दिसतोय तो हवेचा. म्हणजे सगळा डोलारा त्या काळ्या जागेवर उभा आहे, ती निवडण्यात घाई करू नका. आपल्याकडे पावसाळा संपल्या संपल्या धरणांचं पाणी गढूळ असतं, लाल बँडमध्ये ते चांगलंच उजळ येतं. डिसेंबर-जानेवारीत गाळ बसतो, तेव्हा वरसगाव किंवा पानशेतच्या जलाशयाचा मधला खोल भाग घ्या. काठापासून चांगलं आत या, कारण शेजारच्या उजळ जमिनीवरचा प्रकाशही हवेत विखुरून पाण्याच्या पिक्सेलमध्ये शिरतो, छोट्या तळ्यात तर हे फारच होतं. सह्याद्रीच्या कड्यांची गडद सावली हा दुसरा पर्याय, दोन्हीचे आकडे काढून ताडून बघा. आणि हिस्टोग्राममधला (कुठल्या आकड्याचे किती पिक्सेल तो आलेख) सगळ्यात छोटा आकडा डोळे झाकून उचलू नका, तो एखाद्या बिघडलेल्या पिक्सेलचा असू शकतो, जिथून पिक्सेलची संख्या एकदम चढायला लागते तो आकडा घ्या.

लिस-३ मध्ये निळा बँडच नाही, हिरवा, लाल, नियर इन्फ्रारेड आणि शॉर्टवेव्ह एवढेच आहेत, त्यामुळे हेझचा सगळ्यात मोठा मार तुम्हाला बसतच नाही. शॉर्टवेव्हमधून तर काही वजा करायची वेळ क्वचितच येते. आधी डीएनचं (फाइलमधल्या कच्च्या आकड्याचं) रेडियन्स, म्हणजे सेन्सरला मिळालेला उजेड, मग सूर्याची उंची आणि पृथ्वी-सूर्य अंतर धरून रिफ्लेक्टन्स, हा क्रम मात्र पाळा.

हेही लक्षात असू द्या की या पद्धतीने हवेने मिळवलेला उजेड जातो, हवेने गिळलेला परत येत नाही. तेवढं अचूक पाहिजे असेल तर हवेतल्या प्रकाशाचं गणित करणारं ६एस मॉडेल वापरा, ग्रास जीआयएस सॉफ्टवेअरमध्ये ते आहे, फुकट आहे. त्याला त्या दिवशीची एअरोसोलची (हवेतल्या बारीक कणांची) जाडी द्यावी लागते, आणि आपण पुणेकर इथे नशीबवान, पाषाणला आयआयटीएम या हवामान संस्थेत एरोनेटचं, म्हणजे हवेतले कण मोजणाऱ्या जागतिक जाळ्याचं, स्टेशन आहे, २००४ पासूनच्या नोंदी आहेत आणि त्या कोणालाही बघता येतात. तुमच्या इमेजच्या तारखेची सकाळची नोंद मिळाली तर अंदाजाने काही भरायची गरज नाही. शहराची उंची साधारण ५६० मीटर आहे, तीही भरा, समुद्रसपाटी धरून चालवलं तर मॉडेल जास्तीची हवा काढतं. कणांचा प्रकार निवडताना कॉन्टिनेंटल (समुद्रापासून आतल्या भागाचा) घ्या, मुंबईची इमेज असती तर वेगळा विचार केला असता.

प्रश्न: लेव्हल २ ची डिसेंबरची इमेज आहे, तरी सिंहगडाच्या एका बाजूचा उतार काळा दिसतो आणि क्लासिफिकेशनमध्ये तिथे चक्क पाणी येतं. करेक्शन चुकलं का? – एक वाचक, धायरी

उत्तर: नाही, ती डोंगराची सावली आहे. डिसेंबरमध्ये सकाळी सूर्य आग्नेयेला आणि खाली असतो, त्यामुळे वायव्येकडचे उतार अंधारात जातात. हवेचं करेक्शन जमीन सपाट धरून केलेलं असतं, उतारासाठी टोपोग्राफिक करेक्शन वेगळं करावं लागतं, सी-करेक्शन नावाची पद्धत आहे, त्याला उंचीचा डेटा लागतो, एसआरटीएमचा तीस मीटरचा चालेल. सोपा उपाय म्हणजे जिथे उतार जास्त आहे तिथे पाणी हा वर्ग येऊच द्यायचा नाही.

प्रश्न: मावळ-मुळशीतल्या भाताचं क्षेत्र मोजायचंय, पण जुलै-ऑगस्टच्या सगळ्या इमेज ढगांनी भरलेल्या. अॅटमॉस्फेरिक करेक्शनने ढग निघतात का? – एक वाचक, तळेगाव

उत्तर: निघत नाहीत. विरळ धूसरपणा काढता येतो कारण त्यातून खालची जमीन थोडी तरी दिसत असते, जाड ढगातून खालचा प्रकाश वर येतच नाही मग काढणार काय. ढग आणि त्यांच्या सावल्या मास्क करायच्या, त्यासाठी लँडसॅटला क्यूए पिक्सेल आणि सेंटिनेल-२ ला एससीएल असा थर सोबतच मिळतो, आणि डोळ्याला न दिसणारे उंचावरचे पातळ ढग १.३७५ मायक्रॉनच्या बँडमध्ये पकडता येतात.

भातासाठी तुम्ही सेंटिनेल-१ कडे वळा, ते रडार आहे, ढगातून आरपार बघतं आणि २०१४ पासूनचा डेटा आहे. लावणीच्या वेळी खाचरात पाणी असतं तेव्हा रडारला ते शेत एकदम काळं दिसतं आणि रोप वाढलं की उजळत जातं, हा चढ भाताची ओळख आहे. मात्र मुळशीच्या डोंगराळ भागात रडारची इमेज उतारावर वेडीवाकडी होते, म्हणून टेरेन करेक्शन केलेली घ्या आणि एकाच दिशेच्या फेरीतल्या इमेज वापरा. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत मिळतील तेवढ्या तारखा घ्या, एका तारखेवर भात आणि नुसतं साचलेलं पाणी वेगळं करता येत नाही.